पत्रं लिहीत राहिलो, मुदत निघून गेली का?

प्रश्न : वकीलताई, नमस्कार. नाशिकमधल्या आमच्या सोसायटीचा मी सेक्रेटरी. बँकेतून निवृत्त झालो आणि हे पद गळ्यात पडलं. दोन विंग, ५६ फ्लॅट. भोगवटा दाखला आणि ताबे ऑगस्ट २०१९ चे. दोन्ही विंगच्या मधे पोडियम आहे. वर बाग आणि मुलांची खेळायची जागा, खाली पार्किंग. २०२२ च्या पावसाळ्यात पोडियमच्या स्लॅबला खालून तडे दिसले, पाणी ठिबकायला लागलं. ११ जुलै २०२२ ला बिल्डरला फोटोंसह ईमेल केला. त्यांनी माणसं पाठवून तड्यांत केमिकल भरलं. पुढच्या पावसात पुन्हा तेच. मग पत्रं, फोन, बैठका. २० जानेवारी २०२४ ला बिल्डरने लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी लिहून दिलं की पोडियम स्लॅबची दुरुस्ती आमच्या खर्चाने करून देऊ. केली नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये आम्ही स्ट्रक्चरल ऑडिट करून घेतलं. अहवाल म्हणतो, स्लॅबला मधोमध झोल आहे आणि वरच्या मातीचा भार डिझाइनमध्ये धरलेला दिसत नाही. आता बिल्डरच्या वकिलांचं उत्तर आलंय : पाच वर्षं ऑगस्ट २०२४ मध्ये संपली, विषय संपला. करारात तर दोष-दुरुस्तीची जबाबदारी एकच वर्ष लिहिली आहे, हेही त्यांनी ऐकवलं.

आमच्या कमिटीत तीन मतं आहेत. एक म्हणतात, कोरोनाची दोन वर्षं वाढवून मिळतात. दुसरे म्हणतात, डिझाइनची चूक २०२५ मध्ये कळली, तिथून तीन वर्षं. तिसरे म्हणतात, रोज गळतंय म्हणजे मुदतही रोज नवी. बरोबर कोण? आरसीसी कन्सल्टंटवर, म्हणजे स्लॅबचं डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरवर, केस करता येईल का? शिवाय चार फ्लॅट मधल्या काळात विकले गेले. ते नवे मालक म्हणतात, आमचा बिल्डरशी करारच नाही, आम्ही केसची वर्गणी का द्यावी?
– एक सेक्रेटरी, नाशिक

उत्तर : नमस्कार सेक्रेटरीसाहेब. कमिटीतल्या तिन्ही मतांना कायद्यात कुठे ना कुठे आधार आहे, आणि त्यांतल्या कुठल्याही एकावर विसंबून बसलात तर प्रकरण हातचं जाईल. तुम्हाला तारणारी गोष्ट चौथीच आहे. २० जानेवारी २०२४ चा तो लेटरहेडवरचा कागद. त्याची मूळ प्रत आज शोधा, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घाला आणि बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. बैठकीत फिरवायला झेरॉक्स पुरे. कुणा सदस्याने ती घरी नेली असेल तर आज संध्याकाळीच परत मागवा.

आता मुदतीकडे. बिल्डरचे वकील ज्या पाच वर्षांबद्दल बोलताहेत ती रेरा, म्हणजे २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याच्या, कलम १४(३) मधली. ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला दोष प्रवर्तकाच्या, म्हणजे बिल्डरच्या, नजरेस आणून दिला, तर त्याने तो ३० दिवसांत फुकट दुरुस्त करायचा. नाही केला तर भरपाई द्यायची. नीट वाचलंत तर लक्षात येईल की ही पाच वर्षं दोष कळवण्यासाठी आहेत. त्या पाच वर्षांत केस उभी राहिलीच पाहिजे असं कलम म्हणत नाही. तुम्ही ११ जुलै २०२२ ला कळवलंत, म्हणजे ताब्यानंतर तीन वर्षांच्या आतच. ती अट तेव्हाच पुरी झाली. 'विषय संपला' हे उत्तर अर्ध्या कलमावर दिलेलं आहे, आणि अशी उत्तरं सोसायट्यांना सर्रास पाठवली जातात, कारण निम्मे सेक्रेटरी ती वाचून फाईल बंद करतात.

करारातल्या एक वर्षाचं तर मनावरच घेऊ नका. रेराशी विसंगत असेल तिथे रेरा वरचढ, हे त्या कायद्याच्या कलम ८९ मध्येच आहे. रेरा येण्याआधीही महाराष्ट्रात १९६३ चा मोफा, म्हणजे फ्लॅटच्या मालकीबाबतचा, कायदा होता आणि त्यात ताब्यापासून तीन वर्षांच्या आत कळवलेला दोष बिल्डरने पदरचे पैसे घालून दुरुस्त करावा असं होतंच. करारात बारीक अक्षरात काहीही छापलं तरी कायद्याने दिलेली मुदत करार आखडू शकत नाही. भारतीय करार कायद्याचं कलम २८ दाव्याची मुदत आखडणारी कलमं रद्दबातल ठरवतं.

बिल्डरची एक पळवाट मात्र आताच बुजवा. तो म्हणेल, २०२२ मध्ये तुम्ही गळतीची तक्रार केली होती, स्ट्रक्चरची नव्हे. म्हणून त्या ईमेलचे शब्द पुन्हा वाचा. 'स्लॅबला तडे' असं त्यात असेल आणि फोटोत तडे दिसत असतील तर तुम्ही दोष कळवलेला आहे. दोषाचं कारण कळवणं ही फ्लॅटधारकाची जबाबदारी नाही. तडा का गेला हे शोधायला त्यांनी इंजिनिअर पाठवायचा होता, त्यांनी केमिकल भरणारी माणसं पाठवली.

दुसरी मुदत केस लावण्याची, आणि खरा धोका तिथे आहे. रेराकडे तक्रार करायला कायद्यात वेगळी मुदत लिहिलेली नाही. तरी समोरचा वकील १९६३ चा मुदतीचा कायदा काढणार आणि तीन वर्षांचा मुद्दा मांडणार, हे गृहीत धरूनच चाला. दिवाणी कोर्टात तर तीन वर्षं ठरलेलीच आहेत : करारभंगाला त्याच कायद्याचा अनुच्छेद ५५, आणि ज्याला दुसरा कुठला अनुच्छेद लागू पडत नाही अशा निष्काळजीपणाच्या दाव्याला अनुच्छेद ११३. ग्राहक आयोगात दोन वर्षं, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचं कलम ६९. ग्राहक आयोग सबळ कारण असेल तर उशीर माफ करू शकतो. दिवाणी दाव्याला ती सवलत नाही. मुदतीच्या कायद्याच्या कलम ५ चा विलंबमाफीचा अर्ज अपिलांना आणि अर्जांना चालतो, मूळ दाव्याला नाही. आणि त्याच कायद्याचं कलम ३ असं आहे की बिल्डरने कैफियतीत, म्हणजे लेखी उत्तरात, मुदतीचा मुद्दा घेतला नाही तरी न्यायाधीशांनी तो स्वतःहून बघायचा आणि दावा मुदतबाह्य असेल तर काढून टाकायचा. इथे कुणाच्या सौजन्यावर काही चालत नाही.

आता गणित मांडू. ११ जुलै २०२२ ला कळवलं, कायद्याने दिलेले ३० दिवस १० ऑगस्टला संपले, दुरुस्ती झाली नाही. तिथून तीन वर्षं म्हणजे ऑगस्ट २०२५. म्हणजे निव्वळ तुमच्या ईमेलवर बसला असतात, तर बिल्डरला वाद घालायला जागा मिळाली असती. मधल्या काळात तुम्ही पाठवलेल्या पत्रांनी, केलेल्या फोनांनी, नगरसेवकांच्या ऑफिसातल्या चहाने आणि उपनिबंधकांकडे दिलेल्या अर्जाने ही मुदत एका दिवसानेही वाढत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे अनेकदा सांगितलंय. २०१९ च्या जिओ मिलर प्रकरणात तर अगदी स्पष्ट शब्दांत, की नुसत्या पत्रव्यवहाराने मुदत लांबत नाही. आपल्याकडे सोसायट्या इथेच अडकतात. 'आम्ही सतत पाठपुरावा करत होतो' असं अभिमानाने सांगणारी फाईल मी दर महिन्याला बघते. जाडजूड असते, पण तिच्यातला सगळा पत्रव्यवहार एकाच बाजूने गेलेला असतो.

तुमच्या फाईलमध्ये उलट बाजूने आलेला एक कागद आहे, म्हणून मी सुरुवातीपासून त्याच्यामागे लागले आहे. मुदतीच्या कायद्याचं कलम १८ म्हणतं : मुदत संपायच्या आत समोरच्याने आपली जबाबदारी लेखी, सही करून मान्य केली, तर त्या सहीच्या तारखेपासून मुदत नव्याने मोजायची. २० जानेवारी २०२४ ला तुमची तीन वर्षं संपली नव्हती. तेव्हा त्या सहीपासून नवी तीन वर्षं, म्हणजे २० जानेवारी २०२७ पर्यंत, असं मांडता येतं. ग्राहक आयोगाचा रस्ता धरलात तर दोन वर्षांच्या हिशेबाने २० जानेवारी २०२६. पत्रात 'सद्भावनेपोटी' किंवा 'जबाबदारी मान्य न करता' असे शब्द आहेत का, ते तेवढं बघा. हुशार बिल्डर ते घालतात. असतील तर हा आधार बराच पातळ होतो आणि मग एक दिवसही न थांबता केस लावावी लागेल. सही कुणाची, भागीदाराची की साइट इंजिनिअरची, हेही बघा. अधिकार असलेल्या माणसाची हवी.

आता तुमची तीन मतं. कोरोनावाले चुकीचं ऐकून आलेले नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२२ च्या आदेशाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळला होता. पण तुमचे तडे जुलै २०२२ चे. जी मुदत सुरूच नंतर झाली तिला तो काळ वगळून काय मिळणार? पाच वर्षांच्या कळवण्याच्या मुदतीला तो आदेश लावायचा प्रयत्न करता येईल. तुम्हाला त्याची गरज नाही.

'कळलं तेव्हापासून' हे मत जास्त विचार करण्यासारखं आहे. डिझाइनची चूक कागदावर २०१६-१७ मध्ये झालेली असते, स्लॅब भरला जातो, वर गवत लावलं जातं, आणि पाच-सात वर्षं कुणाला काहीच दिसत नाही. अशा लपलेल्या दोषाला कायद्यात थोडी जागा आहे. मुदतीच्या कायद्याचं कलम २३ सांगतं की ज्या कृत्याने प्रत्यक्ष नुकसान झाल्याशिवाय दावाच उभा राहत नाही, त्याची मुदत नुकसान झालं तेव्हापासून मोजायची. १९०८ च्या जुन्या मुदत कायद्यात याचं उदाहरणच दिलेलं होतं : एकाची जमीन, तिच्या खालची खनिजं दुसऱ्याची, तो कोळसा काढत राहतो, वर काही दिसत नाही, आणि शेवटी जमीन खचते. मुदत सुरू होते खचल्या दिवसापासून. तुमच्या बाबतीत 'खचण्याचा दिवस' २०२२ चा पावसाळा धरला जाण्याची शक्यता जास्त, कारण तडे तेव्हा दिसले. २०२५ च्या अहवालाने कारण सांगितलं. नुकसान आधीच समोर होतं. फसवणूक करून गोष्ट लपवली असेल तर कलम १७ प्रमाणे ती उघड झाल्यापासून मुदत धरतात, पण तिथे लबाडी पुराव्यानिशी दाखवावी लागते. ड्रॉइंग मागूनही दिली नाहीत, खोटी दिली, असं काही असेल तर कागद जपून ठेवा. नुसती निष्काळजी म्हणजे लबाडी नव्हे.

इंग्लंडमध्ये ग्रेनफेल टॉवरच्या २०१७ च्या आगीनंतर २०२२ मध्ये कायदा करून सदोष घरांच्या दाव्यांची मुदत पुढच्या कामांसाठी १५ वर्षं आणि जुन्या कामांसाठी मागे जाऊन तब्बल ३० वर्षं केली. आपल्या संसदेने असलं काही केलेलं नाही, त्यामुळे परदेशातल्या भाच्याने पाठवलेले व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्ड बैठकीत वाचू नका.

तिसरं मत, रोज गळतं म्हणून रोज नवी मुदत. याचं मूळ कलम २२ मध्ये आहे आणि त्यावरचा सगळ्यात जास्त उद्धृत होणारा निकाल आपल्याच आळंदीचा. ज्ञानेश्वर महाराज संस्थान आणि तिथले पुजारी यांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये भेद केला : चुकीचं कृत्य चालू राहणं वेगळं आणि एकदाच झालेल्या कृत्याचे परिणाम भोगत राहणं वेगळं. पुजाऱ्यांना काढून टाकलं तेव्हाच इजा पूर्ण झाली. त्यानंतर रोज उत्पन्न बुडत राहिलं, तो परिणाम. या कसोटीवर अपुरं डिझाइन हे एकदाच झालेलं कृत्य ठरतं आणि गळती हा परिणाम. दुसऱ्या बाजूला २०२२ चा समृद्धी सोसायटीचा निकाल आहे. मुंबईतल्या त्या बिल्डरने भोगवटा दाखलाच मिळवून दिला नव्हता, आणि ते कर्तव्य रोज बाकी राहतं म्हणून न्यायालयाने सोसायटीची तक्रार मुदतबाह्य मानली नाही. दुरुस्तीचं कर्तव्यही तसंच बाकी आहे, असा युक्तिवाद तुमचे वकील जरूर करतील, करू द्या. मात्र तो जोडीला ठेवायचा, त्याच्या भरवशावर उशीर करायचा नाही.

आरसीसी कन्सल्टंट. इथे मी तुम्हाला जरा निराश करणार आहे. पण त्याआधी एक प्रश्न, जो तुमच्या ऑडिट अहवालाने सोडवलेला नाही. मातीचा भार डिझाइनमध्ये धरला नव्हता, की धरला होता आणि बिल्डरने प्रत्यक्षात जास्त माती टाकली?

ओल्या मातीचं वजन घनमीटरला साधारण १८०० किलो. एक फूट माती म्हणजे चौरस मीटरला साडेपाचशे किलोच्या आसपास. तीच अडीच फूट झाली की साडेतेराशेच्या पुढे. तुलनेसाठी, घरातल्या खोलीत माणसं-सामान मिळून भारतीय मानकानुसार चौरस मीटरला २०० किलो धरतात. आता अनेक ठिकाणी काय होतं ते ऐका. कन्सल्टंटच्या ड्रॉइंगवर एका कोपऱ्यात टीप असते, लॅण्डस्केपसाठी अमुक इतकीच माती. मग विक्रीच्या वेळी ब्रोशरमध्ये झाडं हवीत म्हणून लॅण्डस्केपवाला मोठी झाडं सुचवतो, मोठ्या झाडांना खोल माती लागते, साइटवर ट्रक रिकामे होतात, आणि ती टीप कुणी वाचलेली नसते. तुमच्याकडे असं झालं असेल तर इंजिनिअर सुटतो आणि बिल्डर पक्का अडकतो. टीपच नसेल आणि हिशेबात माती शून्य असेल, तर चूक इंजिनिअरची.

म्हणून दोन गोष्टी करा. पहिली, मंजूर स्ट्रक्चरल ड्रॉइंग मिळवा. इमारतीचे कागद आणि नकाशे सोसायटीच्या ताब्यात देणं हे रेराच्या कलम १७ प्रमाणे बिल्डरचं कर्तव्य होतं, त्याचा हवाला देऊन मागा. सोबत महापालिकेकडे दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाका. स्ट्रक्चरल इंजिनिअरने दिलेलं स्थैर्य प्रमाणपत्र तिथे असतं. दुसरी गोष्ट, मातीची खोली मोजा. बिल्डरला आठ-दहा दिवस आधी लेखी कळवून तारीख ठरवा, तुमच्या इंजिनिअरला बोलवा, बागेत चार-पाच ठिकाणी खड्डा घेऊन स्लॅबवरच्या वॉटरप्रूफिंगपर्यंत जा, टेप उभी धरून तारखेसह फोटो आणि सलग व्हिडिओ घ्या, पंचनामा करून हजर असलेल्यांच्या सह्या घ्या. बिल्डर आला नाही तर तेही पंचनाम्यात लिहा. वॉटरप्रूफिंगला फावडं लागू देऊ नका, नाहीतर पुढे गळतीचं खापर त्यावर फुटेल.

हे झालं की लगेच, म्हणजे केसची वाट न बघता, इंजिनिअरच्या सल्ल्याने माती उतरवा आणि स्लॅबखाली टेकू लावा. पुरावा आधी, माती नंतर, पण दोन्हींत दिवसांचंच अंतर असू दे. खाली गाड्या लागतात, वर मुलं खेळतात. महाडची तारिक गार्डन ही पाच मजली इमारत २४ ऑगस्ट २०२० ला कोसळली आणि १६ माणसं गेली. ती काही जुनी पडकी वास्तू नव्हती. त्या प्रकरणात गुन्हा दाखल झाला तो बिल्डरसोबत आर्किटेक्ट आणि आरसीसी कन्सल्टंटवरही. सहकार खात्याच्या आदर्श उपविधींमध्ये ऑडिटची सक्ती इमारत १५ वर्षांची झाल्यावर सुरू होते, त्यामुळे नव्या इमारतींकडे कुणी ढुंकून बघत नाही. तुम्ही पाच-साडेपाच वर्षांच्या इमारतीचं करून घेतलंत, हे सोपं नव्हतं. खर्चावरून सभेत काय काय ऐकावं लागलं असेल याची कल्पना आहे.

मात्र ऑडिट अपुरं आहे. नेहमीच्या ऑडिटमध्ये रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक, कोअर टेस्ट असतात. त्यातून काँक्रीट चांगलं की वाईट ते कळतं. डिझाइन चुकलंय हे सिद्ध करायला वेगळं काम लागतं : स्लॅबची जाडी, स्कॅनरने शोधलेल्या सळ्यांचा व्यास आणि अंतर, आणि त्यावरून दुसऱ्या स्ट्रक्चरल इंजिनिअरने आयएस ४५६ या काँक्रीट बांधकामाच्या भारतीय मानकाप्रमाणे केलेला संपूर्ण हिशेब. 'भार धरलेला दिसत नाही' हे एक वाक्य उलटतपासणीत दोन मिनिटंही टिकणार नाही. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाकडून हा हिशेब करून घेतलात तर वजन पडतं. फी जास्त वाटेल. द्या.

आता कन्सल्टंटवरच्या केसचं. तुमचा करार बिल्डरशी, कन्सल्टंटचाही बिल्डरशी. तुमचा-त्याचा संबंध नाही, म्हणून करारभंगाचा दावा नाही. निष्काळजीपणाबद्दल दिवाणी दावा, अनुच्छेद ११३, तीन वर्षं. बिल्डरच्या पत्राने बिल्डरची मुदत वाढली, कन्सल्टंटची नाही. एकाने मान्य केलेली जबाबदारी दुसऱ्याच्या गळ्यात घालता येत नाही. तडे दिसल्यापासून मोजलं तर तुमची तीन वर्षं जुलै २०२५ मध्ये उलटली. २०२५ च्या अहवालापासून मोजा असं म्हणता येईल, पण वर सांगितलं तसं ते चढणीचं काम आहे. रेराकडे त्याच्याविरुद्ध दाद मिळत नाही, तिथे जबाबदार प्रवर्तक. माझं मत विचाराल तर कन्सल्टंटच्या मागे कोर्टात पळू नका. त्याला बिल्डरने नेमलं, त्याच्या चुकीचं ओझं तुमच्यापुरतं बिल्डरवरच आहे. बिल्डरला वाटलं तर तो त्याच्याकडून वसूल करेल. चूक खरोखर हिशेबातली निघाली तर महापालिकेकडे त्याच्या परवान्याबद्दल तक्रार मात्र जरूर करा. आर्किटेक्टचा दोष निघाला तर कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे. त्याने पैसे मिळणार नाहीत, पण पुढच्या पोडियमचं भलं होईल.

मग जायचं कुठे? महारेराकडे, म्हणजे महाराष्ट्राच्या रेरा प्राधिकरणाकडे, आणि सोसायटी म्हणूनच. फ्लॅटधारकांच्या संस्थेला तक्रार करता येते असं रेराच्या कलम ३१ मध्ये स्पष्ट आहे. स्लॅब दुरुस्त करून देण्याचा आदेश प्राधिकरणाकडून मागायचा आणि भरपाई न्यायनिर्णय अधिकाऱ्याकडून. दोन्हींचे अर्ज वेगळे असतात, ते एकात कोंबू नका. ग्राहक आयोगाचा रस्ताही बंद नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये इम्पेरिया प्रकरणात दोन्ही मार्ग खुले असल्याचं सांगितलंय, पण एकाच मागणीसाठी दोन्हीकडे दार ठोठावता येणार नाही. तुमच्या प्रकरणात दुरुस्ती हीच मुख्य मागणी, म्हणून महारेरा. तिथला सलोखा मंच सुचवला गेला तर जा, पण तक्रार दाखल करून मग. बिल्डर 'आधी बोलून बघू' म्हणाला तर त्यालाही तेच सांगा : बोलू, नंबर पडल्यावर. आणि महारेराच्या संकेतस्थळावरचं तुमच्या प्रकल्पाचं पान आजच डाउनलोड करून ठेवा. आर्किटेक्ट, स्ट्रक्चरल इंजिनिअर, भागीदार, सगळ्यांची नावं तिथे आहेत. जमीनमालकाला प्रकल्पात हिस्सा मिळाला असेल तर तोही प्रवर्तक धरला जातो, त्याला प्रतिवादी करायला विसरू नका. एका प्रकल्पापुरती काढलेली बिल्डरची एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी संस्था, रिकामी झालेली असते तेव्हा हाच माणूस उपयोगी पडतो.

तारीख किती धरायची? कागदावर २० जानेवारी २०२७ दिसते, पण ती बिल्डरच्या पत्राच्या भाषेवर अवलंबून आहे. मी तुमची वकील असते तर ग्राहक कायद्याचे दोन वर्षांचे दिवसही हातात असताना, म्हणजे २० जानेवारी २०२६ च्या आत, महारेराची तक्रार दाखल केली असती. म्हणजे बिल्डरच्या पत्रापासून दोन वर्षं मोजा की तीन, आपण आत. हे उत्तर तुमच्या पत्रावरून दिलं आहे. मूळ कागद नाशिकच्या वकिलांना दाखवा, आणि दाखवताना बिल्डरचं पत्र सगळ्यात वर ठेवा.

राहिले चार नवे मालक. रेरातल्या 'सदनिकाधारक' या व्याख्येत नंतर विकत घेणाराही येतो, फक्त भाडेकरू येत नाही. बिल्डरशी करार नाही म्हणून त्यांचा हक्क बुडत नाही. पण पाच वर्षं त्यांच्या खरेदीपासून नव्याने मोजली जात नाहीत, पहिल्या ताब्यापासूनच जातात. शिवाय पोडियम सामाईक आहे आणि तक्रार सोसायटीची. वर्गणी हा सोसायटीचा खर्च, तो सर्वसाधारण सभेच्या ठरावाने सर्व सदस्यांना लागू होतो. ठरावात तीन गोष्टी नावानिशी येऊ द्या : महारेराकडे तक्रार करण्याची मंजुरी, सही करणाऱ्या पदाधिकाऱ्याचं नाव, आणि खर्चाची मर्यादा. विशेष सभा बोलवणार असाल तर नोटिशीचे दिवस उपविधीत बघून पूर्ण द्या. सभाच बेकायदा ठरली की बिल्डरचे वकील पहिल्या तारखेला तेवढंच बोलतात.